‘ह्यालेच काहून?’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री ११ च्या सुमारास वस्तीतल्या एका घरून बोलावणं आलं. १२ वर्षांचा मुलगा, सिकलसेलचा, एसएस पॅटर्न. दिवसभर पावसात भिजत क्रिकेट खेळला, पाणी प्यायला नाही, आणि संध्याकाळपासून मांड्या आणि कंबर धरून लोळत होता. सिकलसेलचं दुखणं ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. हाड आतून कोणी पिळतंय असं पोरं म्हणतात.

ताप नव्हता. छातीत दुखत नव्हतं. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा ९७ आला. डॉक्टरांनी लिहून ठेवलेली दुखण्याची गोळी, भरपूर कोमट पाणी, कोरडे कपडे, पांघरूण, शेक. हे सगळं त्याच्या आईला माझ्याइतकंच पाठ आहे, आणि तिने ते माझ्या आधीच केलेलं होतं. गोळीसाठी तिने मला बोलावलंच नव्हतं. पोराचा डोळा लागल्यावर ती मला दाराबाहेर घेऊन आली आणि म्हणाली, “ताई, मले एक सांगा. ह्यालेच काहून?”

मी सांगितलं. नर्सला जे शिकवलेलं असतं ते सांगितलं. विजेच्या बिलाच्या पाठीमागे चार चौकोन काढले. आईत एक सिकलचं जनुक, बापात एक. दोघंही वाहक, म्हणजे एएस. दोघांनाही स्वतःला त्रास नाही. पण अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी एए होण्याची २५ टक्के. तिने चारही चौकोन नीट पाहिले. तिला सगळं समजलं. समजल्यावर म्हणाली, “हे समजलं ताई. त्याच्या बापात अर्धं, माह्यात अर्धं. पण मोठी चांगली, लहाना चांगला. मधल्यालेच काहून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. हा लेख त्या उत्तर नसण्याबद्दल आहे.

विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत सिकलसेल कोणाच्या तरी घरात असतोच, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आजार जुना आहे, आणि त्याच्याभोवती उत्तरं विकणारी दुकानंही तितकीच जुनी आहेत. कोणी म्हणतं नजर लागली. कोणी म्हणतं घराची दिशा वाईट. आणि आपल्यातलीच म्हातारी माणसं, जी २२ प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणतात, तीही अशा वेळी हळूच म्हणून जातात, “मागल्या जन्माचं असंल काही.” मी हे बारशाच्या घरात ऐकलं आहे, आणि मयतीच्या घरातही.

यावर बाबासाहेबांनी काय लिहून ठेवलं आहे ते आपण वर्षावासात दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी पुढे जातो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना ते थेट आनुवंशिकतेच्या शास्त्राकडे वळतात. मूल आईबापांचे गुणधर्म घेऊन येतं; बाहेरून कुठला तरी आत्मा आपलं जुनं गाठोडं घेऊन त्यात शिरत नाही. आणि गरिबांच्या हालांची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा उपयोग दिसत नाही, असंही ते स्पष्ट म्हणतात. मला तर हे पान प्रत्येक सिकलसेल केंद्राच्या भिंतीवर लावावंसं वाटतं. त्या आईच्या पोटी जन्माला येताना त्या पोराने कुठलंही पाप बरोबर आणलं नव्हतं. त्याने आणली दोन जनुकं.

म्हणजे दैवाचं उत्तर खोटं आणि शास्त्राचं खरं. इथपर्यंत आपण सगळे एका मताचे. पण नर्सिंगच्या इतक्या वर्षांत मला एक गोष्ट हळूहळू कळली: शास्त्राचं खरं उत्तर ‘कसं झालं’ याचं असतं. तिघांतून हाच का, याला शास्त्र म्हणतं, योगायोग. आई मात्र हिशोब विचारत नसते. त्या ठिकाणी आम्ही शिकलेली माणसं चार चौकोनांचा कागद दुसऱ्यांदा काढतो, कारण गप्प बसणं आम्हाला जमत नाही. आणि आम्ही गेल्यावर, ती पोकळी भरायला कोणी तरी लिंबू-मिरची घेऊन येतं.

अशा पोकळीचं काय करायचं, याची एक गोष्ट आपल्याच परंपरेत आहे. मज्झिम निकायात मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूचं सुत्त आहे. त्याला प्रश्न पडतात. जग शाश्वत की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मरणानंतर असतात की नसतात. याची उत्तरं द्या, नाही तर मी संघ सोडतो, असं तो बुद्धांना सांगतो. बुद्ध उत्तर देत नाहीत. ते विषारी बाण लागलेल्या माणसाची उपमा देतात. नातेवाईक शल्यवैद्य आणतात आणि हा म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य होता की शूद्र, उंच होता की ठेंगणा, कोणत्या गावचा, धनुष्य कोणतं, दोरी कशाची, पिसं कोणत्या पक्ष्याची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तेवढ्यात तो मरून जाईल.

ही गोष्ट आमच्या विहारातल्या धम्मवर्गात सांगितली गेली तेव्हा एक कार्यकर्ता भाऊ उठून उभा राहिला. अत्याचाराच्या केसेसमध्ये कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस. म्हणाला, “म्हणजे बाण कोणी मारला हे विचारूच नये का? आपल्याला हजारो वर्षं हेच तर सांगितलं गेलं, की विचारू नका.” सभागृहात शांतता पसरली. भन्तेजी हसले आणि म्हणाले, प्रश्न चांगला आहे. पण वेळ संपली होती, सरणत्तय घेऊन सगळे घरी गेले.

मला त्या भावाचं म्हणणं अर्धं पटलं होतं. बाण मारणाऱ्याची जात विचारायची गरज आपल्याला जितकी पडली आहे तितकी फार थोड्यांना पडली असेल. आणि ही गोष्ट घरात बाईचं तोंड बंद करायला वापरली जाते, हेही मी पाहिलं आहे. “जाऊ दे, बुद्धाने सांगितलं आहे, असे प्रश्न विचारू नये.” हा बुद्धाचा अपमान आहे.

पण मी कॅज्युअल्टीत काम केलेलं आहे. चाकूचा वार झालेला माणूस आत आला की पहिल्यांदा श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, रक्त किती वाहतंय हे बघतात. वार कोणी केला, हे विचारणारा पोलीस दारातच उभा असतो. त्याला कोणी हाकलत नाही. तो प्रश्न पुढे ढकलला जातो, रद्द होत नाही. मेडिको-लीगलचा कागद त्याच रात्री तयार होतो. बुद्धांनी त्या जखमी माणसाला क्रम सांगितला, असं मी त्या गोष्टीचं वाचन करते. आणि मालुंक्यपुत्ताचे मूळ प्रश्न मात्र वेगळ्या जातीचे होते. त्यांचा पोलीस-पंचनामा होऊच शकत नाही. बाबासाहेबांनीही अशा प्रश्नांना जागा ठेवली नाही. मी मागे कोण होतो, पुढे कोण होईन, अशा तर्कटांवर उभा राहिलेला विश्वास म्हणजे धम्म नव्हे, असं त्यांनी मांडलं.

तेव्हा आपल्या पदरात दोन प्रकारचे ‘काहून’ असतात, आणि माझी तक्रार ही की आपण त्यांची अदलाबदल करतो.

सिकलसेल आपल्याच वस्त्यांत इतका काहून? या प्रश्नाला उत्तर आहे. जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या होता तिथे एक जनुक असलेली वाहक माणसं हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून जास्त वाचली, म्हणून ते जनुक टिकलं. आणि जातीच्या कुंपणात लग्नं होत राहिली, म्हणून ते त्याच कुंपणात फिरत राहिलं. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचं मर्म जातीअंतर्गत लग्नात आहे असं दाखवलं होतं. ते रक्ताच्या आजारांबद्दल बोलत नव्हते, पण सिकलसेलच्या ओपीडीत बसलं की मला तो निबंध आठवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, मग त्याच कायद्याच्या नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार काहून नाहीत? हा प्रश्न उशाशी घेऊन झोपायचा नाही, आमदाराच्या टेबलावर ठेवायचा. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट जाहीर झालं. मग हायड्रॉक्सीयुरिया आमच्या दवाखान्यात या महिन्यात काहून नाही? हाही प्रश्न उभ्याने, रजिस्टर मागून विचारायचा.

आणि मधल्यालेच काहून? हा दुसरा. हा कोणाच्याही टेबलावर ठेवता येत नाही.

असा एक प्रश्न माझ्याकडेही आहे, तो न सांगता पुढे लिहिणं खोटेपणाचं होईल. माझा धाकटा भाऊ एसएस होता. १९ वर्षांचा. मी तेव्हा एका दवाखान्यात नाइट ड्युटीवर होते आणि तो गावी घरी होता. हातपाय दोन दिवसांपासून दुखतच होते. रात्री १० वाजता त्याचा फोन आला, “ताई, आता छातीत दुखून राहिलं, श्वास घेतला की टोचते.” मी म्हटलं गोळी घे, पाणी पी, सकाळी पहिल्या गाडीने ये. वॉर्डात त्या रात्री ४० पेशंट होते. माझं लक्ष फोनवर अर्धंच होतं. सकाळी तो गाडीत बसण्याच्या स्थितीत नव्हता. दुपारी तालुक्याच्या ठिकाणी नेला. तिथून पुढे नेताना गेला.

मी रात्रीच निघ म्हटलं असतं तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले कदाचित, एक म्हणाले सांगता येत नाही. दोघंही खरं बोलले. माझी आई म्हणाली त्याचं तेवढंच होतं, आणि मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी तिच्याशी वर्षभर नीट बोलले नाही. तिला तिचं उत्तर सापडलं होतं. मी माझं शोधत राहिले. रोज रात्री १० वाजता.

त्या काळात एका मैत्रिणीने मला आनापानाला नेलं. मी हौसेने गेले नव्हते. आमच्या चळवळीत डोळे मिटून बसणाऱ्यांबद्दल काय बोललं जातं ते मी स्वतः बोललेली आहे: हे पोटं भरलेल्यांचे चोचले, डोळे मिटल्याने गायरान मिळत नाही, वगैरे. पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीला १० दिवसही काढले. तिथे फी नाही, पण १० दिवसांची मजुरी बुडते, हे रोजंदारीवरच्या बाईला विचारा. तिथल्या प्रवचनांतलं पूर्वजन्माचं बोलणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. श्वास मात्र पटला. तो कोणाच्या मालकीचा नव्हता.

करायचं काय, तर जवळजवळ काहीच नाही. बसायचं. खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर, पोराचं डोकं मांडीवर असेल तर तसंच भिंतीला टेकून. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नाकपुड्यांशी कळतो, तिथे लक्ष ठेवायचं. लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. आनापानसति सुत्ताची सुरुवात एवढीच आहे. श्वास मुद्दाम ओढायचा नाही, रोखायचा नाही, एक नाकपुडी बंद करायची नाही. तो प्राणायाम झाला, ती गोष्ट वेगळी, आणि सिकलसेलच्या माणसाने श्वास रोखून धरण्याचे प्रयोग तर मुळीच करू नयेत.

सोपं वाटतं, पण नाही. आम्हा नर्सांना पहिल्या वर्षी एक युक्ती शिकवतात. पेशंटचे श्वास मोजताना त्याला सांगायचं नाही. मनगट हातात धरायचं, नाडी मोजतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. आनापानाला बसलं की नर्सही आपण आणि पेशंटही आपण. पहिले काही दिवस मला वाटायचं मी श्वास घेणंच विसरले आहे. नंतर कधी तरी पहारा सैल होतो आणि श्वास आपला आपण चालतो.

मग प्रश्न येतो. येणारच. ‘रात्रीच निघ म्हटलं असतं तर?’ पूर्वी तो आला की मी उत्तर शोधायला निघायची. आता तो आला की मला पहिल्यांदा कळतं ते हे, की श्वास आखूड झाला आहे आणि वरच्या छातीत अडकला आहे. मी ते पाहते. प्रश्नाला जा म्हणत नाही, बस म्हणत नाही. कधी तो दोन मिनिटं थांबतो, कधी पूर्ण वेळ. रडूही येतं. इतक्या वर्षांत उत्तर काही मिळालं नाही. पण मी आईशी बोलायला लागले, आणि त्या रात्रीच्या वॉर्डातल्या ४० पेशंटांवरचा माझा राग गेला. त्यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

दावे करणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडं कडक बोलते. मोबाईलवर फिरणारे संदेश मी रोज पाहते, आनापानाने साखर जाते, बीपीची गोळी सुटते, सिकलसेलसुद्धा मुळापासून बरा होतो. नाही होत. लाल पेशीचा विळ्यासारखा झालेला आकार श्वासाकडे पाहिल्याने सरळ होत नाही. सावकाश बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर हृदयाची गती जरा उतरते, भीतीने आवळलेलं अंग सैल होतं, दुखणं तेवढंच राहूनही त्याच्यावरची भीती कमी होऊ शकते. एवढं होतं. फोलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. ज्याने ध्यानाच्या नावावर पोराच्या गोळ्या बंद करायला लावल्या, तो मला लिंबू-मिरचीवाल्याचाच भाऊ वाटतो, मग त्याच्या अंगावर कुठल्याही रंगाचं वस्त्र असो.

आणि काही वेळा बसायचंच नसतं, उठायचं असतं. सिकलसेलच्या माणसाला छातीत दुखलं, धाप लागली, श्वास घेताना टोचलं, ऑक्सिजनचा आकडा ९५ च्या खाली गेला, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना. १०८ ला फोन. ताप १०१ च्या वर गेला तरी तेच. लहान मुलाचं पोट डावीकडे अचानक फुगलं आणि ते पांढरं पडलं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, मुलाच्या लघवीच्या जागी ताठरपणा आला आणि उतरेना (हे लाजेने कोणी सांगत नाही, आईने विचारावं), तरी तेच. सकाळची गाडी नाही. माझ्याकडून ऐका.

दवाखान्यात भरती झालेल्या सिकलसेलच्या पेशंटला बऱ्याचदा तीन रंगीत गोट्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र देतात. नळीने श्वास आत ओढला की गोट्या वर उचलल्या जातात. पोरांना ते खेळणं वाटतं आणि दुखत असलं की ती ते कोपऱ्यात टाकून देतात. टाकू देऊ नका. बरगड्या दुखतात म्हणून पेशंट वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो आणि तिथेच छातीचा तो घातक त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून ते दिलेलं असतं. नर्स सांगेल तितक्या वेळा, दुखत असलं तरी. तिथे श्वास मुद्दाम ओढायचा, इथे मुद्दाम ओढायचा नाही. दोन्ही औषधांची वेळ वेगळी आहे.

आमच्या विहारात सध्या एक वाद चालू आहे आणि तो आणखीही बऱ्याच विहारांत चालू असेल. वरच्या मजल्यावर अभ्यासिका करायची की ध्यानकक्ष. दोन पॅनेल पडली आहेत, काही काका एकमेकांशी बोलत नाहीत. मला या वादाचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. स्पर्धा परीक्षेला बसणारी पोरं सकाळी ७ च्या आधी येत नाहीत. ६ ला अर्धा तास बसायला खोली रिकामीच असते. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायामाच्या पुढे सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी आहे. ती दोन अंगं आपण घरच्या फोटोखाली नुसती लिहून ठेवली आहेत. बाबासाहेबांनी नुसत्या समाधीला अपुरं म्हटलं हे खरं आहे. तिच्यातून मनाला चांगल्याकडे कायमचं वळण लागलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मग त्याच खोलीत महिन्यातून एकदा सिकलसेलच्या रक्ततपासणीचं शिबिर ठेवा, म्हणजे वळण कुठे लावायचं हा प्रश्नही सुटेल. वधू-वर मेळाव्यात बायोडाटावर उंची आणि पगार लिहितो तिथे ‘एए’ की ‘एएस’ हेही लिहायला लागूया. एएस असणं हा आजार नाही आणि कमीपणा तर नाहीच, फक्त दोन एएसनी लग्नाआधी एकदा समुपदेशकाकडे बसून बोलावं. हे न सांगता लग्नं जुळवणाऱ्या मोठ्या माणसांचा मला जास्त राग येतो, ध्यानाला बसणाऱ्यांचा नाही.

किसा गोतमीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरची मोहरी. मला त्यात नेहमी वाटतं की मोहरी न मिळाल्याने ती शहाणी झाली, हे अर्धंच खरं. ती दारोदार गेली. दर दारात कोणी तरी बाई तिच्यासमोर उभी राहिली आणि आपल्या मेलेल्यांबद्दल बोलली. त्या बायकांजवळही उत्तर नव्हतं. आपल्या वस्तीत अशी दारं अजून आहेत. मयतीच्या घरी स्टो पेटवायला जाणाऱ्या बायका आहेत. त्यांनी तिथे गेल्यावर काही समजावून सांगण्याची घाई केली नाही, तर बरं होईल.

त्या रात्री मी काय केलं ते सांगायचं राहिलं. चार चौकोनांचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. तिला म्हटलं, “मले नाही माहीत बाई.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो. पत्र्यावर पाऊस होता. मी तिला आनापान वगैरे काही शिकवलं नाही, ती वेळ नव्हती. आत पोराचा श्वास ऐकू येत होता, तो दोघी ऐकत होतो. बराच वेळाने ती म्हणाली, “बरा चालून राहिला न?” मी म्हटलं, “बरा चालून राहिला.” आनापान ती पुढे दिवाळीच्या सुमारास स्वतःहून शिकायला आली. कधी बसते, कधी नाही. प्रश्न अजून विचारते.

मागच्या आठवड्यात पोराला पुन्हा पाहायला गेले होते. हात दुखत होता, फार नाही. मी त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, नजर छातीवर ठेवली. अर्धं मिनिट झालं असेल.

“ताई,” तो म्हणाला, “नाडी नाही, श्वास मोजून राहिल्या तुमी. मले समजते.”

“मग आता बदलवला असशील तू,” मी म्हटलं.

“नाही बदलवला. जसा होता तसाच ठेवला.”

१८ भरले.